मदत हवी आहे : यहेज्केल ३७ आणि १९४८ यांचा संबंध कसा समजावून सांगावा?

सर्वांना जय ख्रिस्त. नवापूर परिसरातील आमच्या मंडळीत मी तरुणांचा बायबल अभ्यास घेतो. सध्या जुन्या करारातील यहेज्केलचा ३७ वा अध्याय, म्हणजे शुष्क अस्थींचे खोरे, चालू आहे; वाळलेल्या हाडांत प्राण यावा तसे देव इस्राएल लोकांना पुन्हा उठवून त्यांच्या देशात आणील, अशी ही भविष्यवाणी आहे. एका मुलाने या अध्यायाच्या समासात पेन्सिलीने ‘१४ मे १९४८’ असे लिहून ठेवले आहे आणि इस्राएल राष्ट्राची स्थापना हीच या भविष्यवाणीची पूर्ती, याविषयी त्याला तिळमात्र शंका नाही.

एकोणिसाव्या शतकात बायबल शिक्षक जॉन नेल्सन डार्बी यांच्या शिकवणीतून हा विचार बराच पसरला, हे मी सांगितले. परंतु इ.स.पू. ५३८ मध्ये पर्शियाच्या कोरेश राजाच्या फर्मानानंतर बाबेलहून परतलेल्या यहुद्यांमध्येच ती पूर्ण झाली असे मानणारे, तसेच गलतीकरांस ३:२९ (‘तुम्ही ख्रिस्ताचे असाल तर अब्राहामाचे संतान आहात’) च्या आधारे ही अभिवचने ख्रिस्तात सर्व विश्वासणाऱ्यांना लागू करणारेही निष्ठावंत अभ्यासक आहेत. माझा कल या शेवटच्या मताकडे आहे, तरी देवाने इस्राएलाला टाकलेले नाही असे सांगणारा रोमकरांस ११ वाचताना तो डळमळतो.

‘तो दिवस व ती घटका कोणालाच ठाऊक नाही’ हे मत्तय २४:३६ समोर असताना तारखा जुळवण्याचा मोह कसा आवरावा आणि मुलांचा उत्साहही कसा टिकवावा? आपण हा अध्याय कोणत्या क्रमाने शिकवता, ते कृपया सविस्तर लिहावे.