'मायक्रोब्लेड'ला 'सूक्ष्मास्त्र' म्हणावे का?

प्रश्न : अलास्काच्या प्रागितिहासावरील मजकुरात 'मायक्रोब्लेड' सारखा येतो. 'सूक्ष्मास्त्र' चालेल का? आणि 'अँटलर'ला नुसते 'शिंग'?

उत्तर : सूक्ष्मास्त्र म्हणजे मायक्रोलिथ, कोणतेही बारीक दगडी हत्यार. त्यात कड बोथट करून घडवलेल्या चंद्रकोरी, त्रिकोणही येतात. मायक्रोब्लेड हे गाभ्यावर (ज्या दगडातून पाती काढतात त्यावर) दाब देऊन सोडवलेले, समांतर कडांचे, जेमतेम अर्धा सेंटिमीटर रुंद पाते. तेव्हा 'सूक्ष्मपाते'. ('सूक्ष्मपात' नको, काहीतरी कोसळल्यासारखे वाटते.)

भर : गाभ्यावरून फरक नीट कळतो. अलास्कातल्या टनाना खोऱ्यातल्या स्वान पॉइंट या स्थळी सुमारे 14,000 वर्षांपूर्वीच्या थरात गाभा घडवण्याची युबेत्सू पद्धत दिसते. दगड आधी दोन्ही अंगांनी छिलून पानासारखा करायचा. मग एका लांब कडेवरून उभे छिलके काढायचे. पहिला छिलका तिधारी निघतो, पुढचे चपटे. कडेच्या जागी सपाट माथा तयार झाला की एका टोकाशी दाब देत पाती सोडवायची. माथ्याचा कोन बोथट झाला की पाते तळापर्यंत न जाता मध्येच तुटते आणि गाभ्यावर पायरी उरते. मग माथा कापून नवा करावा लागतो. हे कापलेले माथे आणि तिधारी छिलके सापडले, की पाती हाती लागली नाहीत तरी ती तिथे बनत होती हे नक्की. मात्र 6 मिमीच्या चाळणीतून पाती निसटतात, 3 मिमीचीच हवी.

शंका : 'तुटकी पाती' असे भाषांतर केले आहे. बरोबर?

उत्तर : 'तोडलेली' म्हणा. जाड बूड आणि वाकडा शेंडा मोडून मधला सरळ तुकडा भाल्याच्या टोकाच्या कडेला कोरलेल्या खोबणीत बसवत. मोजताना तुकडे मोजू नका, बुडे मोजा, नाहीतर एकाची तीन होतात. अशी खोबणीची टोके अलास्कातल्याच बेरिंग लँड ब्रिज राखीव क्षेत्रातल्या ट्रेल क्रीक गुहांत मिळाली आहेत. ती कॅरिबू हरणाच्या शिंगाची, म्हणजे अँटलरची. अँटलर हे दरवर्षी गळणारे भरीव हाडच, बैलाच्या शिंगासारखे पोकळ कवच नव्हे. म्हणून 'भरीव शिंग' लिहावे.

आणखी एक : 'सूक्ष्मपाती म्हणजे हिमयुग' असे समीकरण मांडू नये. पुरातत्त्वज्ञ गिडिंग्ज यांनी 1948 मध्ये अलास्कात केप डेनबीजवळ इयातायेत इथे शोधलेल्या डेनबी संस्कृतीतही ती आहेत आणि ती संस्कृती फार तर 5,000 वर्षांपूर्वीची. कोबुक व्हॅली राष्ट्रीय उद्यानातल्या अनियन पोर्टेज या स्थळी गाळाने थर वेगवेगळे राखले, म्हणून तिथे क्रम लागतो. इतरत्र माती पातळ, त्यात गोठण्या-वितळण्याने वरचे खाली होते. अशा ठिकाणी नुसत्या पात्यावरून काळ लिहू नये.