मदत हवी आहे : पौर्वात्य धर्मांचा अभ्यास प्रथमच करत आहे, वाचनाचा क्रम कसा ठेवावा?

नमस्कार. मी मुंबईत कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला तत्त्वज्ञान हा विषय घेऊन शिकत आहे. या सत्रात बौद्ध, चीनमधील कन्फ्यूशियस व ताओ आणि जपानमधील शिंतो या परंपरांशी आमची पहिलीच ओळख होत आहे. वर्गात प्रत्येक धर्माची मांडणी संस्थापक, धर्मग्रंथ, सिद्धान्त आणि पंथ अशा चार कप्प्यांत केली जाते. परीक्षेसाठी ती सोयीची आहे, परंतु शिंतो परंपरा या कप्प्यांत मुळीच बसत नाही. तिला संस्थापक नाही. ७१२ मधला कोजिकी आणि ७२० मधला निहोन शोकी हे ग्रंथ देवदेवतांच्या कथा व राजवंशाची परंपरा सांगतात, काय मानावे आणि काय मानू नये हे सांगत नाहीत. जपानमधील कितीतरी कुटुंबे नवजात बाळाला शिंतो देवस्थानी दर्शनाला नेतात आणि घरातील अंत्यविधी बौद्ध पद्धतीने करतात. अशा कुटुंबाचा धर्म कोणता, हा प्रश्नच मुळात गैरलागू आहे का?

त्यामुळे एकेक धर्म सुटा वाचण्याऐवजी एखादा ग्रंथ किंवा एखादे दैवत धरून त्याच्या प्रवासामागे जावे, असे मला वाटू लागले आहे. बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचे प्रतीक मानला गेलेला बोधिसत्त्व (इतरांच्या मुक्तीसाठी झटणारा), कोरलेला आहे. सद्धर्मपुंडरीक सूत्र या महायान बौद्ध ग्रंथातील एक संपूर्ण अध्याय याच बोधिसत्त्वाला वाहिलेला आहे. कुमारजीव या बौद्ध भिक्षूने ४०६ मध्ये चीनमधील चांगआन येथे त्या सूत्राचे चिनी भाषांतर केले. पुढे चीनमध्ये अवलोकितेश्वराची पूजा ग्वानयिन या स्त्रीरूपात होऊ लागली. तेराव्या शतकात जपानमध्ये निचिरेन या बौद्ध भिक्षूंनी इतर साधना बाजूला ठेवून याच सूत्राच्या नावाचा जप हा मुक्तीचा मार्ग म्हणून सांगितला. आणि त्यांच्या परंपरेतला तो जप आज वरळीच्या जपानी बुद्धमंदिरात नगाऱ्याच्या ठेक्यावर चालतो. बोरिवलीच्या डोंगरातील मूर्ती आणि वरळीतला जप यांच्यामधला हा मार्ग चीन-जपानवरून जातो, हे समजल्यापासून मला या विषयाची ओढ लागली आहे.

ही पद्धत नवशिक्या विद्यार्थ्याने अवलंबावी का, हा माझा मुख्य प्रश्न आहे. तिच्यात एक धोका मला दिसतो. जे आपल्याकडून तिकडे गेले तेवढेच महत्त्वाचे वाटू लागते, आणि भारतातून काहीही न घेता उभ्या राहिलेल्या कन्फ्यूशियस व लाओत्से यांच्या विचारांना दुय्यम स्थान मिळते. माझगावच्या चिनी मंदिरातील ग्वान यू हे दैवत मुळात तिसऱ्या शतकाच्या आरंभी मारला गेलेला एक सेनापती. त्याला ताओपंथीय पूजतात आणि चिनी बौद्धही मठाचा रक्षक मानतात. त्याची निष्ठा व सचोटी यांचा जो गौरव होतो, तो समजून घ्यायचा तर आधी कन्फ्यूशियसची नीतिकल्पना वाचलेली असावी, असा माझा अंदाज आहे. तो बरोबर आहे का?

दुसरी अडचण सिद्धान्ताची आहे आणि ती मला अधिक अस्वस्थ करते. आत्मा नाही असे बौद्ध दर्शन म्हणते आणि पुनर्जन्मही सांगते. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या आरंभीच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा पेच स्पष्ट शब्दांत मांडला आहे आणि पुढे पुनर्जन्माचा अर्थ शरीरातील भौतिक घटक व ऊर्जा यांच्या आधारे लावला आहे. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात राजा मिलिंदाशी बोलताना भिक्षू नागसेन वेगळे उत्तर देतात : रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातील ज्योत आणि शेवटच्या प्रहरातील ज्योत एकच नव्हे आणि वेगळीही नव्हे. दोन्ही उत्तरे मला मनापासून विचार करण्यासारखी वाटतात, पण ती परस्परांना पूरक आहेत की त्यांच्यात खरा विरोध आहे, हे मला ठरवता येत नाही. आत्म्याची कल्पना कीर्तन-प्रवचनांतून लहानपणापासून ऐकलेली असल्यामुळे मी नकळत तीच इथे आणत असेन, अशीही शंका येते. ज्यांनी पाली ग्रंथांचा अभ्यास केला आहे, त्यांनी यावर सविस्तर लिहावे, ही विनंती.

पाली बौद्ध परंपरेसाठी धर्मानंद कोसंबींचे मराठी लेखन माझ्याजवळ आहे. चिनी परंपरांबाबत मात्र मी इंग्रजी भाषांतरांवर अवलंबून आहे. लाओत्सेच्या नावावर असलेल्या ताओ ते चिंग या ग्रंथाची ८१ प्रकरणे अतिशय लहान आहेत, तरीही दोन भाषांतरे शेजारी ठेवली की एकच प्रकरण राज्यकर्त्याला केलेला उपदेश वाटते आणि साधकाला केलेलाही. टिपांसह केलेले विश्वसनीय मराठी किंवा हिंदी भाषांतर कोणाच्या माहितीत असल्यास कृपया सुचवावे. तसेच वरळीच्या मंदिरात प्रार्थनेच्या वेळी उपासक नसलेल्या विद्यार्थ्याने मागे शांत बसून ऐकले तर चालते का, आणि आधी कोणाची परवानगी घ्यावी, हे तिथे नियमित जाणाऱ्यांनी सांगितले तर मी त्याप्रमाणे जाईन.