पिक्सीज परत आले तेव्हा भांडण मिटलं होतं का?

सडा_कातळ (देवगड):
मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. यंदा आंब्याच्या सीझनला रात्री पेट्या भरत होतो तेव्हा भाच्याच्या फोनवर पिक्सीज लागलेले, बॉस्टनचा बँड. शब्द निम्मे कळले नाहीत, पण सुरुवातीला नुसता बेस आणि ड्रम, वर हळू गुणगुणणं, आणि मग एकदम सगळे तुटून पडतात ना, तेव्हा हातातला आंबा हातातच राहिला. हे तर आमचंच! अभंग हळू उचलायचा आणि गजराला झांजा, पखवाज, कोरस सगळं अंगावर घ्यायचं.

मी १८ वर्षं वाडीच्या भजन मंडळात झांज वाजवली. चार वर्षांपूर्वी एका डबलबारीनंतर (दोन भजन मंडळांचा सामना) आमचे मुख्य गाणारे बुवा आणि पखवाजवाला यांचं बिनसलं आणि बुवांनी मंडळ बंद केल्याचं थेट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, कुणाला आधी विचारलं नाही. आता चतुर्थीला चाकरमानी येतील म्हणून बुवांचा निरोप आलाय, पुन्हा बसूया. भाचा म्हणतो पिक्सीज पण १९९३ ला फुटले आणि २००४ ला परत आले. मला एवढंच सांगा, परत आले तेव्हा भांडण मिटलं होतं, की तसंच ठेवून वाजवलं?

मांडवी_जेटी (रत्नागिरी):
दादा, तुमचं ते ग्रुपवर टाकलेलं वाचून अंगावर काटा आला, कारण पिक्सीजचं डिट्टो तेच झालेलं. गाणारा आणि लिहिणारा ब्लॅक फ्रान्सिस, त्याने १९९३ च्या सुरुवातीला बीबीसीच्या रेडिओवर सांगून टाकलं की बँड संपला, आणि तोवर बाकीच्यांना पत्ताच नाही! गिटारवाल्या जोई सांतियागोला नंतर फोन केला, आणि बेस वाजवणारी किम डील आणि ड्रमर डेव्हिड लव्हरिंग यांना फॅक्स. फॅक्स हो, माणूस तोंडाने बोलायला नको?

आणि सुरुवात किती साधी होती. १९८६ साली बॉस्टनच्या पेपरात बेस वाजवणारा हवा म्हणून जाहिरात दिली, त्याला एकटी किम आली, ती पण स्वतःचा बेस न घेता. १९८८ ला सर्फर रोझा हा अल्बम, १९८९ ला डूलिटल. डूलिटल इंग्लंडात खपाच्या यादीत आठव्या नंबरपर्यंत गेला, अमेरिकेत मात्र पहिल्या नव्वदात पण नाही, म्हणजे घरचे ओळखत नव्हते आणि बाहेर मान. १९९२ ला यू टू या बड्या बँडच्या टूरवर त्यांच्या आधी वाजवायचे, तिथून आल्यावर वर्षभरात फुटले. मग निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनने मुलाखतीत सरळ सांगितलं की त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं करताना तो पिक्सीजचीच नक्कल करत होता, तो हळू-जोरात प्रकार. ते ऐकून आणि १९९९ च्या फाइट क्लब सिनेमाच्या शेवटी त्यांचं गाणं आलं त्यामुळे, बँड नसताना ऐकणारे वाढत गेले. १३ एप्रिल २००४ ला मिनियापोलिसमध्ये एका छोट्या जागेत परत वाजवलं, मग मोठमोठ्या फेस्टिव्हलना. म्हणून म्हणतो, बसा तुम्ही. एकदा वाजायला लागलं की आपोआप जमतं.

खाडीपलीकडे (दापोली):
आपोआप जमतं हे मला नाही पटत. मी कॉलेजात बेस वाजवायचे म्हणून किमची बाजू जास्त बघते. फॅक्स वाईटच, पण दुखणं त्याच्या आधीचं. बोसानोव्हा (१९९०) आणि ट्रॉम्प ल मोंद (१९९१), दोन्ही अल्बम काढून बघा, किमने लिहिलेलं एक गाणं नाही. ती ब्रीडर्स नावाचा स्वतःचा बँड आधीच काढून बसली होती आणि १९९३ ला, म्हणजे पिक्सीज फुटले त्याच वर्षी, त्यांचा लास्ट स्प्लॅश अल्बम आला, अमेरिकेत दहा लाखांवर खपला. म्हणजे गाणी होती तिच्याकडे, जागा नव्हती.

२००४ ला परत आले तेव्हा नवं गाणं आलं ते एकच, आणि ते किमनेच लिहिलेलं. नंतर वर्षानुवर्षं जुनंच वाजवत फिरले, लोक तुडुंब, पण नवा अल्बम काही होईना. शेवटी वेल्समध्ये रेकॉर्डिंगला बसले आणि मधूनच किम निघून गेली, २०१३ ला जाहीर केलं. २०१४ चा इंडी सिंडी तिच्याशिवायच आला, २३ वर्षांनी अल्बम आणि ती नाही, मला तो आजही पूर्ण ऐकवत नाही. दादा, तुमच्या पखवाजवाल्याचं नेमकं काय राहून गेलं होतं? ते आधी बघा.

बांद्याचो_झिल:
माका ह्या बँडातला काय कळना नाय, पण ताई म्हणता ता खरा. आमच्या वाडीत पण असाच झालेला, सगळे परत बसले, वर्षभर बरा चालला, मगे त्याच गोष्टीवरना परत मोडला. कोणीतरी त्याच्या घरी जावक होया होता, कोण गेलो नाय.

सडा_कातळ (देवगड):
ताई, तुमचा प्रश्न वाचून रात्रभर झोप नाही. त्या डबलबारीत जो गजर रंगला त्याची चाल पखवाजवाल्याने बसवलेली, आणि बुवांनी माईकवर सगळ्यांची नावं घेतली, चाल कुणाची ते सांगितलं नाही. मी शेजारीच झांज घेऊन बसलेलो, मी पण बोललो नाही.

आज त्याच्या घरी जाऊन आलो. पखवाज खुंटीला तसाच, डाव्या तोंडावर वाजवण्याआधी आवाजासाठी लावतात ती कणीक, चार वर्षांपूर्वीची, वाळून भेगाळलेली, त्याने पुसलेली पण नाही. मी म्हटलं चाल तुझी होती, मला माहीत होतं. बराच वेळ काही बोलला नाही, मग बायकोला चहा ठेवायला सांगितला. म्हणाला, बुवांनी स्वतः यावं, निरोप नको.

बुवांना फोन केला, हो म्हणालेत. उद्या संध्याकाळी दोघं जातोय, कणीक मी घरूनच मळून नेतो.