मदत हवी आहे: सीएन रेषांवरून तापमान जास्त येतंय

भुजंगधारीतल्या झीटा ताऱ्यासमोरच्या आंतरतारकीय ढगातल्या सीएन (कार्बन-नायट्रोजन) रेणूच्या शोषणरेषा मोजतोय; त्यांवरून विश्वीय पार्श्वप्रारणाचं (महास्फोटानंतर उरलेल्या प्रारणाचं) तापमान काढायचंय. खगोलशास्त्रज्ञ मॅकेलरने 1941 साली अशाच रेषांवरून 2.3 केल्विन काढलं होतं. आज अपेक्षित आहे 2.73 च्या आसपास. मला मिळतंय 2.97.

आर(0) रेषा (रेणूच्या सर्वांत खालच्या घूर्णन-पातळीतून निघणारी) 3874.6 अँगस्ट्रॉमवर, आर(1) (तिच्या वरच्या पातळीतून निघणारी) 3874.0 वर. समतुल्य रुंदीचं (रेषेने शोषलेल्या एकूण प्रकाशाच्या मापाचं) आर(1) ते आर(0) गुणोत्तर 0.32 येतं. दोलक-बलाचा (रेषेच्या अंगभूत ताकदीचा) 2/3 हा गुणक धरलाय, पातळ्यांमधलं अंतर 5.44 केल्विन घेतलंय (पहिल्यांदा गुणक विसरलो होतो, तो गोंधळ निस्तरला). सातत्यरेषा (शोषण नसतं तर दिसली असती ती प्रकाशपातळी) तीन वेगवेगळ्या प्रकारे बसवून पाहिली, फरक नगण्य. वर्णपट संग्रहातला, विभेदन सुमारे 80,000; म्हणजे रेषेची खरी रुंदी थेट दिसत नाही. नवं निरीक्षण शक्य नाही.

संशय आर(0) च्या संपृक्ततेवर आहे (रेषा इतकी गडद की रेणूंच्या संख्येच्या प्रमाणात ती वाढत नाही; मग गुणोत्तर आणि तापमान जास्त येतं). दुरुस्तीसाठी डॉप्लर प्राचल बी (ढगातल्या रेणूंच्या वेगांचा फैलाव) लागेल. आर(1) आणि सीएनचीच पी(1) ही रेषा एकाच पातळीतून निघतात, पातळ थरात (संपृक्तता नसताना) त्यांचं गुणोत्तर 2 हवं. पण पी(1) जेमतेम गोंगाटाच्या वर आहे. मग बी याच जोडीवरून काढावा, की 4300.3 वरच्या सीएच (कार्बन-हायड्रोजन) रेषेवरून घेतला तर चालेल? दोन्ही रेणू ढगाच्या एकाच भागात असतात असं धरणं कितपत बरोबर?