माळ्यावरचा १९९९ चा पीसी पुन्हा सुरू करायचाय, आतल्या मराठी फाइलींसकट

माळ्यावरचा_पीसी:
घरातला पहिला पीसी अजून जपून ठेवलाय. १९९९ सालचा असेंबल्ड: पेंटियम ३, ४५० मेगाहर्ट्झ, ४४०बीएक्स चिपसेटचा बोर्ड, ६४ एमबी रॅम, ६.४ जीबीची आयडीई डिस्क, विंडोज ९८. कित्येक वर्षांत वीज लागलेली नाही. डिस्कवर वडिलांनी श्रीलिपी या भारतीय भाषांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेली घराण्याची वंशावळ आणि आजीच्या ओव्या आहेत. शिवाय फ्लॉप्यांचा एक डबा. मशीन पुन्हा चालतं बघायचंय, पण फाइली गमावून नाही. थेट स्विच दाबला तर काय बिघडू शकतं?

सिरीज_बल्ब:
स्विच अजिबात दाबू नका. आधी कॅबिनेट उघडून डिस्क बाहेर काढा. इतकी वर्षं पडून राहिलेल्या एसएमपीएसमधले (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यातले) इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर सुकतात, व्होल्टेज ताब्यात राहत नाही आणि डिस्कचं सर्किट जाऊ शकतं. बाकी सगळे भाग जुन्या बाजारात मिळतात.

मग एसएमपीएस बोर्डापासून सोडवा. मागचा लाल स्विच २३० वर आहे ना ते बघा. १०० वॉटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावून वीज द्या: क्षणभर पेटून मंदावला तर ठीक, भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, तिथेच थांबा. बल्बची परीक्षा पास झाली की तो काढा, लोड म्हणून एखादा निकामी सीडी ड्राइव्ह जोडा आणि २० पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला टेकवा. मल्टिमीटरवर लाल ४.७५ ते ५.२५, पिवळी ११.४ ते १२.६, नारिंगी ३.१४ ते ३.४७ व्होल्ट यायला हवी. आकडे याबाहेर असतील तर दुरुस्तीच्या नादी लागू नका, आत सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो. नवा घ्या, २४ पिनांच्या बहुतेक कनेक्टरचे जादा ४ पिन सुटे होतात. घेताना लेबलवर ५ व्होल्टचे अँपिअर बघा, कारण या काळातले बोर्ड प्रोसेसरची वीज ५ व्होल्टवरून घेतात. २० अँपिअर भरपूर झाले.

सीआरटी मॉनिटर मात्र उघडायचाच नाही. बंद असला तरी पिक्चर ट्यूबमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.

कॉपी_आधी:
डिस्कबद्दल. यूएसबी-आयडीई कन्व्हर्टर घ्या, पण स्वतःचा ॲडॉप्टर असलेला; ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्टही लागतात, ते यूएसबीतून मिळत नाहीत. जंपर (डिस्कमागच्या पिनांवरची छोटी टोपी) मास्टरवर, म्हणजे मुख्य डिस्कच्या जागी, ठेवा. काही डिस्कना एकटं असताना जंपर पूर्ण काढावा लागतो, आकृती डिस्कच्या लेबलवरच असते. फ्लॅट केबलची लाल कड १ नंबरच्या पिनकडे, म्हणजे बहुधा पॉवरच्या सॉकेटकडे.

डिस्कवरची फाइलींची मांडणी फॅट३२ असल्यामुळे आजचं विंडोज ती सरळ उघडेल, आणि मोह तिथेच होतो. फोल्डर चाळत बसू नका. लिनक्सवर डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने आधी पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, घ्या: पहिल्या फेरीत खराब सेक्टर सोडून पुढे जायचं, दुसऱ्या फेरीत त्याच मॅप फाइलवरून (काय वाचलं, काय राहिलं त्याची नोंद) फक्त राहिलेले भाग तीनदा प्रयत्न करून वाचायचे. ६.४ जीबी म्हणजे फार वेळचं काम नाही. टक-टक आवाज आला तर ताबडतोब वीज काढा, प्रत्येक टकटकीला हेड (वाचणारा भाग) प्लॅटर (आतली चकती) खरवडत असू शकतो. तिथून पुढे डेटा रिकव्हरीवाल्याचं काम.

यानंतर मूळ डिस्क मशीनमध्ये परत लावूच नका. ती इमेज कॉम्पॅक्ट फ्लॅश मेमरी कार्डवर उतरवून आयडीई ॲडॉप्टरने जोडा. कार्ड ३२ जीबीपेक्षा लहान हवं; १९९९ च्या मध्याआधीचे ॲवॉर्ड बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) त्यापुढची डिस्क ओळखतानाच अडकतात.

खोडरबर_आणि_ब्रश:
बोर्डावर सीआर२०३२ सेल बदला. नाहीतर चेकसम एरर येईल आणि तारीख मागे जाईल. कपॅसिटरची डोकी फुगलीत का बघा. बदलायचे झाले तर आधी फोटो काढा. बोर्डावर छापलेली ऋण बाजूची खूण सगळ्या कंपन्यांची सारखी नसते. रॅमचे सोनेरी संपर्क पांढऱ्या खोडरबराने हलके घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, स्लॉटमधला प्रोसेसर एकदा काढून नीट बसवा. ॲवॉर्ड बायोसमध्ये एक लांब, दोन आखूड बीप म्हणजे ग्राफिक्स कार्ड. लांब बीप सारखे येत राहिले तर रॅम. चालू झालं की डिलीट दाबून बायोसमध्ये शिरा आणि डिस्क ऑटो डिटेक्ट करा.

जोडाक्षर:
फाइली हातात आल्या म्हणजे मजकूर हातात आला असं नाही. श्रीलिपीच्या फाइलीत अक्षरं नसतात, फॉन्टमधल्या आकृत्यांचे क्रमांक असतात. फॉन्ट नसेल तर रोमन अक्षरांचा काला दिसतो. म्हणून इमेजमधून विंडोजचा फॉन्ट्स फोल्डर आख्खा उचला. तो फॉन्ट नव्या मशीनवर टाकून फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडा आणि लगेच पीडीएफ करा. ताडून बघायला हीच प्रत.

मग युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, रूपांतर. कन्व्हर्टर नेमक्या त्याच फॉन्टमालिकेचा हवा. आयएसएम किंवा ‘आकृती’ या दुसऱ्या सॉफ्टवेअरांचा तक्ता इथे चालणार नाही. चुका ठरावीक जागी होतात. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, कच्चा कन्व्हर्टर तिला एकच आकृती पुढे सरकवतो आणि ‘स्थिती’चं ‘सि्थती’ होतं. रफार उलटा, अक्षरानंतर साठवलेला असतो, त्यामुळे ‘वर्षी’, ‘मूर्ती’, ‘कार्य’ शोधून तपासा. ‘दुसऱ्या’, ‘ताऱ्या’ वेगळे बघा, तिथला ऱ्या बऱ्याचदा गळतो किंवा त्याचा ‘र्या’ होतो. ओव्यांवर शुद्धलेखन तपासनीस चालवू नका, आजीच्या बोलीतले शब्द तो प्रमाण करून टाकेल.

माळ्यावरचा_पीसी:
डिस्क काढून अँटिस्टॅटिक पिशवीत ठेवली. फ्लॉप्यांवर पांढुरके ठिपके दिसताहेत, सगळ्या ३.५ इंची आहेत.

कॉपी_आधी:
बुरशी आहे. तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर हेडला लागेल आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडा काढेल. पत्र्याचं शटर सरकवा, मागची चकती बोटाने फिरवत धागे न सुटणाऱ्या मऊ कापडाला ९९ टक्के आयसोप्रोपिल लावून दोन्ही बाजू पुसा, पूर्ण वाळू द्या. कोपऱ्यातली खिडकी उघडी ठेवा, म्हणजे त्यावर लिहिलं जाणार नाही. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह १.४४ एमबीला पुरतो. स्वच्छ दिसणाऱ्या आधी वाचा, डागाळलेल्या शेवटी, आणि प्रत्येक डागाळलेलीनंतर हेड पुसा.