टोकियोच्या भर रस्त्यात गो-कार्ट : हौस की लोकांच्या डोक्याला ताप?

भटकंतीवाली
एप्रिलमध्ये आम्ही चौघं जपानला चाललोय. सगळं ठरलंय, फक्त एका गोष्टीवरून घरात रोज खडाजंगी. धाकट्या भावाला टोकियोत गो-कार्टची सैर करायचीच आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ट्रॅकवरची कार्ट नाही ही. अंगात रंगीबेरंगी पोशाख, पुढे गाइड, मागे पाच-सहा कार्टची रांग आणि रस्ता खरा, रहदारीचा. बस, ट्रक, टॅक्सी सगळ्यांच्या मधून शिबुया, हाराजुकू, टोकियो टॉवर, काही मार्गांवर रेनबो ब्रिजसुद्धा. माणशी दहा हजार येनच्या वरच जातं, म्हणजे आपले सहा-सात हजार तरी.

मला हा प्रकार मुळातच पटत नाही. पैशाचा मुद्दा नाही. लोक ऑफिसला निघालेत, कुणी पोराला पाळणाघरात सोडायला निघालंय, आणि त्यांच्या रस्त्यावर आपण सोंग घेऊन जत्रा भरवायची? भावाच्या मते मी काकूबाई आहे. तुम्हीच सांगा.

गियर_तिसरा
भावाला पाठवा आणि तुम्हीही जा.

मी केलीय ही सैर. पर्यटक बसमधून शहर काचेपलीकडे राहतं. कार्टमध्ये बूड रस्त्यापासून वीतभर वर असतं, डोक्यावर छप्पर नाही. टोकियो टॉवरजवळच्या सिग्नलला थांबलो आणि मान मागे टाकली तर ३३३ मीटरचा तो केशरी-पांढरा सांगाडा पायथ्यापासून शेंड्यापर्यंत एका नजरेत! पायी फिरतानाही दिसतो, मान्य, पण तेव्हा आपण फूटपाथवर गर्दी चुकवत असतो. ओमोतेसांदोला दोन्ही बाजूंची केयाकीची झाडं वर कमान करतात, तिच्याखालून गाडी हाकत जाण्याची मजा काही औरच.

आणि जत्रा वगैरे काही नाही हो. एका मागे एक, इंडिकेटर देत, आपापल्या लेनमध्ये. गाइडने मूठ वर केली की थांबायचं. आपल्याकडच्या वरातीपेक्षा शंभर पटींनी शिस्तीत.

खडूस
गियरराव, झाडं कधी पाहिलीत म्हणे? नवख्या शहरात, नवख्या गाडीत, मागे बस लागलेली असताना माणूस पुढच्या कार्टच्या मागच्या दिव्याकडे बघतो. नसेल बघत तर तो धोकादायक आहे. म्हणजे एक तर तुम्ही शहर पाहिलं नाही, नाही तर गाडी नीट चालवली नाही. यातलं काय ते ठरवून सांगा.

आणि टॉवर 'सिग्नलला' दिसला. सिग्नलला उभं राहून बघण्यासाठी सात हजार?

गियर_तिसरा
@खडूस, टोकियोत सिग्नल भरपूर आहेत. पैसे वसूल. :)

निशीकासाई
मी बारा महिने टोकियोत राहणारा. नावावरून कळलंच असेल, एदोगावा वॉर्डातल्या निशीकासाईत, जिथे आपल्या लोकांची वस्ती आहे. कार्ट आमच्या भागात येत नाहीत, पण ऑफिसला जाता-येता रोज दिसतात. मी भटकंतीवाली यांच्या बाजूने, फक्त कारण वेगळं आहे.

मला राग परवान्याचा आहे. इथे राहणाऱ्या भारतीयाचा आंतरराष्ट्रीय परवाना पहिलं वर्षभरच चालतो. पुढे गाडी चालवायची तर भारतीय परवाना जपानी करून घ्यावा लागतो. त्यासाठी लेखी परीक्षा, मग त्यांच्या मैदानावर प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवायची. तिथे एस आकाराचं वळण, अरुंद काटकोनी वळणं. वळण्याआधी मान पूर्ण फिरवून खांद्यामागे पाहिलं नाही, नुसते डोळे आरशाकडे वळवले, की गुण कापले. गाडीत बसण्यापूर्वी पुढे-मागे वाकून बघायचं, तेही परीक्षकाला दिसेल असं. वीस-वीस वर्षं पुण्यात गाडी चालवलेले लोक तिथे तीन-चारदा नापास होतात. ऑक्टोबर २०२५पासून तर लेखी परीक्षाही १० प्रश्नांवरून ५० प्रश्नांवर नेली.

आणि पर्यटक? काल विमानातून उतरला, आज आंतरराष्ट्रीय परवान्याची पुस्तिका दाखवली, बसला कार्टमध्ये आणि निघाला शिबुयाकडे. ही कुठली रीत?

गियर_तिसरा
@निशीकासाई, मग हा राग कार्टवर का? तीच पुस्तिका दाखवून तोच पर्यटक होक्काइदोला मोठी एसयूव्ही भाड्याने घेतो, बर्फात चालवतो. त्याच्या पुढे तर गाइडही नसतो. कार्टला निदान आहे. तुमची तक्रार परवान्याच्या नियमाबद्दल आहे.

निशीकासाई
मुद्दा बरोबर आहे, पण अर्धाच. एसयूव्हीवाला पोहोचण्यासाठी गाडी चालवतो, त्याचं लक्ष रस्त्यावर असतं. कार्टवाला मजेसाठी चालवतो. लोक हात हलवतात, हा उलटा हात हलवतो.

नेमकं सांगतो. जपानात 'थांबा'ची पाटी अष्टकोनी नसते. उलटा लाल त्रिकोण, आत पांढऱ्या अक्षरात 'तोमारे'. आता नव्या पाट्यांवर खाली इंग्रजीतही लिहितात. आपल्याकडे उलटा त्रिकोण म्हणजे 'दुसऱ्याला जाऊ द्या', कुणी नसेल तर थांबायची गरज नाही. इथे चिटपाखरू नसलं तरी चाकं पूर्ण थांबायलाच हवीत. दुसरं, लाल दिव्याला डावीकडे वळायचं नाही. आपल्या हाडीमाशी 'लेफ्ट फ्री' भिनलेलं असतं. गाइड पुढे वळून गेला आणि दिवा लाल झाला, की मागच्या माणसाला वाटतं आपण चुकू, हरवू. तो तसाच घुसतो. आणि त्याच क्षणी आडव्या रस्त्यावरचे पादचारी निर्धास्त उतरलेले असतात, कारण इथे त्यांना कुणी घुसेल अशी सवयच नाही.

भटकंतीवाली
@निशीकासाई, बापरे. हे भावाला वाचून दाखवलं. तो म्हणतो, "उलट बरंच झालं, आता मला माहीत झालं." काय करावं याचं!

वकीलीण
भावना बाजूला ठेवून थोडं कायद्याचं, कारण अशा धाग्यांवर ऐकीव गोष्टी फार फिरतात.

पहिलं, आपला आंतरराष्ट्रीय परवाना जपानात चालतो, कारण भारत १९४९च्या जिनिव्हा करारात आहे. भारतातून निघण्यापूर्वीच आरटीओतून काढायचा. बरोबर मूळ पासपोर्ट आणि मूळ भारतीय परवानाही लागतो. फोनमधला फोटो दाखवून भागत नाही.

दुसरं आपल्या लोकांना नडतं. ही कार्ट दिसायला खेळणं असली तरी तिथल्या नियमाने ५० सीसीपर्यंतची 'मिनी-कार' आहे आणि तिला चारचाकीचाच परवाना लागतो. ज्यांच्याकडे फक्त दुचाकीचा आहे ते बाद. हिला हेल्मेटची कायद्याने सक्ती नाही, एक्स्प्रेसवेवर मात्र बंदी आहे. रेनबो ब्रिजवरून जातात ते खालच्या मजल्यावरच्या साध्या रस्त्याने.

तिसरं, विमा. आपण इथून काढतो त्या प्रवास विम्यात मोटारवाहन चालवताना दुसऱ्याचं केलेलं नुकसान बहुधा वगळलेलं असतं. कार्टवाल्यांचा स्वतःचा विमा असतो, पण तो कुठपर्यंत आणि कार्टला पोचा पडला तर भरायचं कोणी, हे सहीच्या कागदावर असतं. तो कागद वाचल्याशिवाय सही करू नये.

पॉपकॉर्न
व्हिडिओ गेममधल्या त्या मारिओच्या पोशाखाचं काय झालं? मला तर फक्त ती लाल टोपी घालून मिरवायचं होतं.

वकीलीण
ती मिळणार नाही. तो गेम बनवणाऱ्या निन्टेंडोने २०१७च्या फेब्रुवारीत अशाच एका कंपनीवर दावा लावला. मारिओचे पोशाख भाड्याने देणं आणि त्यांच्या 'मारिओ कार्ट' या गेमशी मिळतंजुळतं 'मारिकार' हे नाव वापरणं यावरून. २०१८ला टोकियो जिल्हा न्यायालयाने १ कोटी येन भरपाई ठरवली. बौद्धिक संपदा उच्च न्यायालयाने जानेवारी २०२०मध्ये ती ५ कोटी केली आणि त्याच वर्षअखेर सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळलं. आता इतर पोशाख देतात.

गंमत बघा. भांडण कशावरून झालं? टोपीवरून. रस्त्यावर चालवणं बेकायदा आहे असं कुठलंच न्यायालय म्हणालं नाही, तो प्रश्नच तिथे नव्हता.

खडूस
म्हणजे कंपनीच्या टोपीला धक्का लागला तर ५ कोटी येन आणि पादचाऱ्याच्या जिवाला घोर लागला तर 'हौस'. वा.

गियर_तिसरा
@खडूस, उगाच फोडणी नको. सुरक्षेवर काहीच झालं नाही असं नाही. तिथल्या परिवहन मंत्रालयाने रस्त्यावरच्या कार्टसाठी नियम कडक केले, सीटबेल्ट आला, मागचे दिवे उंचावर आले.

मान्य आहे ते सांगतो. ट्रकच्या शेजारी उभं राहिलं की त्याचं चाक आपल्या कानाच्या उंचीवर येतं, धूर थेट तोंडावर. मॅनहोलचं झाकण लागलं की मणका मोजून घेतो. पाठीचा त्रास असणाऱ्यांनी आणि मुंबईत रिक्षातही डोळे मिटून बसणाऱ्यांनी जाऊ नये. पण जपानी ट्रकवाला हॉर्न मारत नाही, अंगावर येत नाही. तिथे मला जेवढं सुरक्षित वाटलं तेवढं हिंजवडीत कधी वाटलेलं नाही.

खडूस
त्यांच्या सभ्यपणावर तुमची मौज चाललीय, एवढंच सिद्ध केलंत. हॉर्न मारत नाहीत म्हणजे त्रास होत नाही असं थोडंच आहे? ते बोलून दाखवत नाहीत, इतकंच.

आजोबा_गिरगाव
अवांतर. आमच्या मुंबईत गेटवेपासून मरीन ड्राइव्ह दाखवणारी उघड्या छताची 'निलांबरी' बस होती. वरच्या मजल्यावर बसायचं, समुद्राचा वारा खायचा. ऑक्टोबर २०२३मध्ये तीही बंद झाली. व्हिक्टोरिया त्याआधीच हायकोर्टाने थांबवली, घोड्यांचे हाल व्हायचे म्हणून, ते योग्यच. आता तिथे कार्ट आणा म्हणणारे निघतील. आणू नका रे बाबांनो. पावसाळ्यात कार्टसकट खड्ड्यात जाल, वरून कुणाला पत्ता लागणार नाही.

पॉपकॉर्न
आजोबा, दंडवत.

तळमजला
सगळे चालवणारा आणि पादचारी यांच्यावरच बोलताय. तिसरा माणूस राहिला. त्या कार्टच्या गॅरेजशेजारी राहणारा.

मी टोकियोत दोन वर्षं नोकरीला होते. आमच्या इमारतीपासून जवळच असं एक गॅरेज होतं. निवासी गल्ली, इतकी शांत की वरच्या मजल्यावरचा माणूस मोजे घालून चालतो. दुपारपासून रात्रीपर्यंत दर थोड्या वेळाने पाच-सहा इंजिनं एकदम सुरू. निघण्यापूर्वी सगळ्यांना ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर शिकवायचा, मग एकेक जण घर्रर्र करून बघणार, हसणार, ओरडणार. पर्यटकासाठी ती आयुष्यातली एक संध्याकाळ. शेजारच्या आजींसाठी ती रोजचीच. त्या माझ्याकडे येऊन मला विचारायच्या, "तुमच्या देशातले लोक आहेत का ते?" बहुतेक वेळा नसायचे, पण मान माझी खाली जायची.

शिबुयात कुणाला काही फरक पडत नाही. तिथे सगळ्या बाजूंनी माणसं एकदम रस्ता ओलांडतात, गाड्या सगळ्या लाल दिव्याला उभ्या, आणि पुढच्या रांगेत कार्ट असली तर लोक खुशीत फोटो काढतात. चौक मुळात तमाशाचाच आहे. गल्ली नाही.

गियर_तिसरा
@तळमजला, हे मी धरलंच नव्हतं. पण मग उपाय बंदी का असावा? गॅरेज निवासी गल्लीतून औद्योगिक भागात हलवा, संध्याकाळी सातनंतर इंजिन नको, बॅटरीवर चालणाऱ्या कार्ट आणा.

तळमजला
हलवली तर ग्राहक येणार नाही, कारण त्याला स्टेशनपासून चालत पोचायचंय. २०२४मध्ये जपानला ३ कोटी ६८ लाखांहून जास्त परदेशी पाहुणे आले. हा ओघ असताना चालू गॅरेज आपणहून कोण लांब नेईल? बॅटरीला माझा पाठिंबा आहे. मात्र तेव्हा तुम्हीच म्हणाल की इंजिनाची मजा नाही.

निशीकासाई
भटकंतीवाली, घरातला तह मी सुचवतो. शिम्बाशी स्टेशनहून युरिकामोमे नावाची रेल्वे पकडा. चालकच नसतो त्या गाडीला. अगदी पुढच्या डब्यातली पहिली सीट मिळवा, गाडी रेनबो ब्रिजवर चढण्यापूर्वी गोल फेरा घेते तेव्हा पूर्ण खाडी समोर फिरते. परत येताना पुलावरच्या पायवाटेने चालत या. फुकट आहे. कार्टवाल्यांना जे दिसतं ते तुम्हाला मान मोकळी ठेवून दिसेल.

खडूस
+१. आणि सही करायला कुठलाही कागद नाही.

गियर_तिसरा
युरिकामोमेत शाळेची पोरंसुद्धा पहिल्या सीटसाठी भांडतात, तिथे पस्तिशीचा भाऊ बसवायचा? चालवण्याची हौस बघण्याने भागत नाही हो. त्याला जाऊ द्या. दुपारची वेळ घ्या, गर्दी कमी असते. गाइड पुढे गेला आणि दिवा लाल झाला तर थांबायचं, तो पुढे कडेला वाट बघतो.

भटकंतीवाली
सगळ्यांचे आभार. भावाने आत्ताच आरटीओचा अर्ज भरायला घेतला आणि कळलं की आमच्या चौघांत चारचाकीचा परवाना फक्त माझ्याकडे आणि आईकडे आहे. त्याच्याकडे दुचाकीचा. वकीलीणबाई, तुमच्यावर तो भयंकर चिडलाय.

आई मात्र विचारतेय, पोशाख कुठकुठले मिळतात.