पणजीत मिक्स्ड रिॲलिटीवालं इन्स्टॉलेशन बघितलं, ही कला की करामत?

सत्तरीकर: काल पणजीत एका प्रदर्शनात हेडसेट घातला. खोली तीच, खुर्ची तीच, फक्त समोरच्या रिकाम्या भिंतीवर एक टीव्ही दिसायला लागतो आणि त्यावर मांडवीच्या पाण्याचा एकच व्हिडिओ, खालची पट्टी तेवढी बदलते. आधी ‘पर्यटकांची गर्दी’, मग ‘पुराचा धोका’, आणि खरं सांगतो, दुसऱ्या वेळी मला तेच पाणी गढूळ दिसलं! परत रांग लावून बघितलं तर व्हिडिओ तोच. हे व्हीआरच (व्हर्च्युअल रिॲलिटी) ना? आणि याला कला म्हणायचं?

म्हापशेकार_बाब: व्हीआर नव्हे रे. व्हीआरमध्ये आजूबाजूचं सगळं झाकतात, इथे तुझी खोली शाबूत होती. मिलग्राम आणि किशिनो या संशोधकांनी १९९४ मध्ये मांडणी केली, एका टोकाला खरं जग, दुसऱ्या टोकाला पूर्ण बनावट, मधला पट्टा तो मिक्स्ड रिॲलिटी. पण खरी गंमत पुढेच आहे, हेडसेट मेटा कंपनीच्या क्वेस्ट ३ सारखा असेल तर त्यातून आरपार दिसत नाही, बाहेरचे कॅमेरे खोली टिपतात नि आतल्या स्क्रीनवर दाखवतात. म्हणजे तू भिंतीवरच्या टीव्हीवर संशय घेत बसलास आणि खोलीही व्हिडिओच होती.

सोलकढी_प्रेमी: एवढं सगळं कशाला? नाम जून पाइक या व्हिडिओ कलाकाराने १९७४ मध्ये बुद्धाची मूर्ती टीव्हीसमोर बसवली, वर कॅमेरा लावला, मूर्ती आपलंच लाइव्ह चित्र बघत बसलेली. झालं काम, रांग नाही नि चार्जिंग नाही. पट्टी बदलायचं तर आमचे न्यूजवाले रोजच करतात, त्याला तिकीट पण नाही.

माडाखाली: आपल्या गोव्यातल्याच पर्रा गावचा तो माडांचा रस्ता बघा, सिनेमा नि रील्समध्ये बघून लोक येतात आणि भर रस्त्यात उभे राहतात. माझा मावसभाऊ तिथलाच, सकाळी पाव आणायला स्कूटर काढली की ‘भैया, जरा साइडला, फ्रेममध्ये येताय’. त्याच्याच घरासमोर!! त्याला हेडसेट नको काही.

सत्तरीकर: 😂 बाब, तुम्ही कॅमेऱ्याचं बोललात तेव्हा आठवलं. मध्येच मोबाइल वाजला म्हणून हेडसेटमधूनच बघितलं तर नाव वाचताच येईना, नुसता पांढरा उजेड, नि बोटांच्या कडेला खोली पाण्यासारखी हलत होती. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. आईचा फोन होता तो, तसाच राहिला.